पांढरीच्या मातीत भेटलेल्या विद्या

पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात ६ ऑक्टोबर १८२१ रोजी एक पाठशाळा सुरू झाली. पेशवाई बुडून जेमतेम तीन वर्षे झाली होती. पेशवे विद्वानांना जी दक्षिणा वाटत, तिच्या निधीतलाच काही भाग माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या राजवटीने या पाठशाळेकडे वळवला. वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, वेदान्त आणि अलंकार यांच्या जोडीने ज्योतिष आणि वैद्यकही तिथे शिकवले जाई. ग्रहणाचे गणित मांडणारे शास्त्री आणि अलंकारशास्त्र सांगणारे शास्त्री एकाच छताखाली बसत. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ ते हेच.

मात्र या एकत्र बसण्याचे फार कौतुक करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्योतिष काय आणि वैद्यक काय, दोन्ही पोथीतच सुरू होत आणि पोथीतच संपत. पोथीत लिहिलेले खरे की खोटे, हे बाहेर जाऊन पडताळण्याची पद्धत तिथे नव्हती, आणि शिक्षणही ब्राह्मण मुलांपुरतेच होते. विद्या शेजारी नांदत होत्या. एकमेकींना प्रश्न विचारत नव्हत्या. या संस्थेत तसे प्रश्न कधी विचारले जाऊ लागले आणि कशामुळे, हा या लेखाचा विषय आहे.

मधला काळ लवकर ओलांडतो. १८५१ मध्ये पाठशाळेचे पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथे गेले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर इथे संस्कृतचे प्राध्यापक होते. आगरकर इथले विद्यार्थी, राजवाडे इथले विद्यार्थी आणि टिळकही इथलेच.

टिळकांपाशी थोडे थांबायला हवे. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे केरो लक्ष्मण छत्रे या कॉलेजात गणित शिकवत आणि टिळक त्यांचे आवडते विद्यार्थी होते. गणितात पहिल्या वर्गात बी. ए. झालेल्या या विद्यार्थ्याने १८९३ मध्ये ‘ओरायन’ प्रसिद्ध केले. वसंतसंपात मृग नक्षत्रात होता तेव्हाच्या आठवणी वैदिक वाङ्मयात आहेत, असे धरून त्यांनी वेदांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४५०० पर्यंत मागे नेला. तो काळ आज अभ्यासक मान्य करत नाहीत. ऋचेचा अर्थ लावतानाच गृहीत आत शिरले, तर पुढचे गणित कितीही चोख असून उपयोग नसतो. पण वेदाचा काळ आकाशाला विचारून ठरवू पाहणारा माणूस या कॉलेजातून निघाला, ही गोष्ट संस्थेच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. टिळकांना न मिळालेली एक गोष्ट पुढच्या पिढीला मिळाली. ती म्हणजे माती.

१९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, नेटाने लढले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली. आता ती बी. ए.चे वर्ग चालवणारे कॉलेज राहिली नव्हती, तर पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन करणारी संस्था झाली होती. बंद पडणे हे मोठेच संकट होते, यात शंका नाही. पण कॉलेज तसेच अखंड चालू राहिले असते, तर इथे पुढे जे घडले ते घडले असते असे मला वाटत नाही. नव्या संस्थेपुढे ठरीव अभ्यासक्रम नव्हता, पोरांच्या परीक्षा नव्हत्या. नेमलेली माणसे थोडी होती आणि प्रत्येकाला आपला विषय मुळापासून उभा करायचा होता. भाषाशास्त्रासाठी सुमित्र मंगेश कत्रे आणि सी. आर. शंकरन, मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकर, समाजशास्त्रासाठी इरावती कर्वे, आणि प्राचीन इतिहासासाठी हसमुख धीरजलाल सांकळिया.

सांकळिया लंडनहून डॉक्टरेट घेऊन आले होते. शिलालेख, मूर्ती, मंदिरे हा त्यांचा पिंड. इरावतीबाईंची तयारी वेगळी होती. बर्लिनमध्ये त्यांनी मानवी कवटीच्या असमानतेवर प्रबंध लिहिला होता. वंशश्रेष्ठतेच्या सिद्धान्ताला कवट्यांतून आधार शोधणाऱ्या गुरूंच्या हाताखाली शिकून त्यांनी मोजमापे घेतली, आणि तो आधार त्या मोजमापांत सापडत नाही, असे लिहिले. हे धैर्य पुढे त्यांच्या सगळ्या लेखनात दिसते. संस्कृत वाचणारी, हाडे मोजणारी आणि मराठीत ललित निबंध लिहिणारी अशी ही विदुषी पहिल्या दिवसांपासून संस्थेत होती.

१९४० च्या दशकात सांकळिया आणि इरावतीबाई गुजरातेत लांघणज इथे काम करत होते. वाळूच्या टेकाडांमध्ये गारगोटीची बारीक हत्यारे सापडत होती. मग त्याच थरांत माणसांचे सांगाडे निघाले. ही माणसे कोण, हे हत्यारे सांगू शकत नव्हती. कधीची, हे सांगाडे सांगू शकत नव्हते. आणि वाळू तिथे कशी साचली, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. १९४९ मध्ये लंडनहून फ्रेडरिक त्सॉयनर आले. भूस्तरांवरून काळ ठरवणे हा त्यांचा विषय. त्यांनी गुजरातेतल्या नद्यांचे काठ आणि वाळूचे थर वाचून दाखवले. शिलालेख वाचण्यात मुरलेल्या सांकळियांना नदीचा गाळही वाचावा लागतो हे इथे पुरते पटले, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. तेव्हापासून त्यांच्या मोहिमांतून भूशास्त्र कधी सुटले नाही. शरद राजगुरूंसारखा भूशास्त्राचा माणूस पुरातत्त्व विभागात आयुष्य काढतो, ही गोष्ट डेक्कन कॉलेजात पुढे स्वाभाविक झाली. इतर बऱ्याच ठिकाणी तेव्हा ती कल्पनेतही नव्हती.

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांलगत नदीकाठी जुन्या वस्तीचे राखट मातीचे टेकाड असते. गावकरी त्याला पांढरी म्हणतात आणि तिथली माती शेतात टाकायला नेतात, कारण ती सुपीक असते. जोर्वे, नेवासे, चांडोली, इनामगाव ही सगळी नावे अशा पांढरीच्या टेकाडांनी पुरातत्त्वात आणली. १९५०-५१ मध्ये प्रवरेकाठच्या जोर्व्याला लाल मातीवर काळी नक्षी असलेली खापरे मिळाली आणि सातवाहनांच्या आधी महाराष्ट्रात शेती करणारी, तांबे वापरणारी वस्ती होती हे दिसू लागले. त्या संस्कृतीला आज जोर्वे संस्कृती म्हणतात. ज्ञानेश्वरांमुळे मराठी माणसाच्या मनात घर करून असलेल्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात मोठे उत्खनन झाले.

नेवाशाची एक लहानशी वस्तू इथे जवळून पाहू. एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याचे मणी मिळाले. मण्यांच्या भोकांत ओवलेल्या दोऱ्याचे तुकडे अडकून राहिले होते. सूत आपल्या हवेत तीन हजार वर्षे टिकत नाही. इथे ते टिकले ते तांब्याच्या गंजामुळे. गंजातले क्षार धाग्यात मुरले आणि कुजवणारे जीवाणू त्याला लागले नाहीत. सांकळियांनी तो धागा ए. एन. गुलाटी यांच्याकडे दिला. माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेतल्या गुलाटींनी १९२८ मध्ये मोहेंजोदडोच्या कापसावर टर्नर यांच्यासोबत लिहिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना कापसाबरोबर रेशमाचे तंतू दिसले. मातीच्या घरात राहणाऱ्या, दगडाच्या पात्यांनी कापणी करणाऱ्या त्या खेड्यात कोणीतरी आपल्या लेकराच्या गळ्यातली माळ रेशमाच्या दोऱ्यात ओवली होती. रेशीम कुठून आले, गावात कोणाकडे होते, आणि मुलाला ते घालूनच का पुरले, हे प्रश्न सूक्ष्मदर्शकाच्या पलीकडचे आहेत. पण सूक्ष्मदर्शक नसता तर ते पडलेच नसते.

१९६१ मध्ये गुलाटींची टिपणे, लखनौच्या विष्णु-मित्र यांचा वनस्पतींवरचा अहवाल आणि ज्युलिएट क्लटन-ब्रॉक यांचे प्राण्यांच्या हाडांवरचे लेखन संस्थेने एका छोट्या पुस्तकात एकत्र छापले. नर्मदेकाठच्या नावडाटोलीला जळून कोळसा झालेले धान्य निघाले होते. त्यात विष्णु-मित्रांनी गहू, तांदूळ, मसूर, उडीद, मूग, लाख आणि जवस ओळखले. नावडाटोलीचा कोळसा काळ ठरवण्यासाठी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किरणोत्सारी कार्बनची प्रयोगशाळा उभी राहिली आणि असे नमुने देशातच तपासले जाऊ लागले. नावडाटोलीचे उत्खनन १९५९ मध्ये संपले. त्याच वर्षी मे महिन्यात केंब्रिजमध्ये सी. पी. स्नो यांनी विज्ञानवाले आणि साहित्यवाले यांच्यातल्या दरीवर आपले गाजलेले व्याख्यान दिले. आपल्याकडे त्या व्याख्यानावर पुष्कळ लिहिले गेले. नर्मदेच्या काठी, चाळणीतल्या जळक्या मसुरीवर, ती दरी बुजवायचे काम चालू होते, याकडे मात्र लिहिणाऱ्यांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

तरीही त्या १९६१ च्या पुस्तकाची जागा पाहण्यासारखी आहे. मुख्य अहवाल वेगळा, शास्त्रीय अहवाल वेगळे. उत्खनन करणाऱ्याने नमुना पुडीत बांधून पाठवायचा, तज्ज्ञाने उत्तर धाडायचे. प्रश्न एकाचा आणि उत्तर दुसऱ्याचे, अशी ती पद्धत होती. ती बदलली इनामगावात.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. सांकळिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे तिथली पांढरी उघडली. हेतू स्पष्ट होता. उभा चर खणून राजवटींचा क्रम लावायचा नाही; सपाट, रुंद उत्खनन करून एक अख्खे खेडे पाहायचे. शंभराहून अधिक घरे निघाली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नऊशे वर्षे तिथे माणसे राहिली. चूल, धान्याची कणगी, कुंभाराची भट्टी, नदीचे पाणी वळवण्यासाठी घातलेला बंधारा आणि काढलेला पाट हे सगळे जागच्या जागी मिळाले. खेडे पाहायचे म्हटल्यावर त्या खेड्याने काय खाल्ले, कोणती जनावरे पाळली, मुले किती जगली, पाऊस किती पडला, हे प्रश्न उत्खनन करणाऱ्याचेच झाले. ते बाहेरच्या तज्ज्ञाकडे पुडीतून पाठवण्यासारखे उरले नाहीत.

म्हणून माणसे संस्थेतच तयार झाली. मुकुंद काजळे यांनी वनस्पतींचे अवशेष पाहिले, पी. के. थॉमस यांनी प्राण्यांची हाडे, सुभाष वाळिंबे यांनी अमेरिकेतल्या जॉन लुकाच यांच्यासह मानवी सांगाडे. माती पाण्यात घोळवायची, वर तरंगून येणारे जळके दाणे गाळून घ्यायचे, सावलीत सुकवायचे आणि एकेक दाणा भिंगाखाली धरायचा, असे हे काम असते. त्यातून बार्ली हे तिथले मुख्य पीक ठरले. मुलांच्या दुधाच्या दातांवरच्या दंतवल्कात खळगे दिसले. दात बनत असताना शरीरावर ताण आला की अशी खूण राहते. १९८८ मध्ये इनामगावचा अहवाल आला तेव्हा वनस्पती आणि प्राणी यांच्यावरची प्रकरणे मुख्य ग्रंथातच शेकडो पानांची होती, आणि सांगाड्यांचा खंड दोन वर्षे आधीच प्रसिद्ध झाला होता. विज्ञान परिशिष्टातून उठून प्रकरणात येऊन बसले होते. या संस्थेच्या इतिहासातला मोठा बदल कोणता असे मला कोणी विचारले, तर मी हाच सांगेन.

आणि उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावले तोडलेली आढळतात. मुलांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून आडवे ठेवलेले असते. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र वेगळेच दफन मिळाले. चार पायांच्या, माणसाच्या धडासारख्या आकाराच्या कच्च्या मातीच्या रांजणात एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसवलेला, त्याची पावले शाबूत. शेजारीच धान्याचे कोठार. हा गावचा प्रमुख असावा असे ढवळीकरांनी मांडले. सांगाड्यावरून वय कळले, लिंग कळले. पावले न तोडण्याचा अर्थ मात्र हाडात लिहिलेला नव्हता. त्यासाठी घराची जागा, कोठाराची जवळीक, अंत्यविधीच्या प्रथा आणि अधिकार कसा वारशाने चालतो याची जाण लागते. घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत झाकून ठेवलेली बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबतचा बैल यांचेही तसेच. मातीचे पृथक्करण कितीही केले तरी ती देवी का पुरली हे कळत नाही.

इसवी सनापूर्वी १००० नंतर इनामगावात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या दिसू लागतात, शेती घटते, शिकार वाढते. हवामान कोरडे झाल्याने खेडे खंगले, असे ढवळीकरांचे म्हणणे होते. २०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांच्या हाडांचा नव्याने अभ्यास करून या स्पष्टीकरणावर प्रश्नचिन्ह लावले. मला हा वाद संस्थेचे यश वाटतो. सांगाडे नीट नोंदवून, जपून ठेवले म्हणूनच तीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला पहिल्या निष्कर्षाशी भांडता आले. कुकडीकाठच्या बोरीचेही असेच. तिथे ज्वालामुखीची राख आणि हातकुऱ्हाडी मिळाल्या. एका मोजणीने राख १४ लाख वर्षांची ठरली, दुसरीने पावणेसात लाखांच्या आसपासची, आणि काहींच्या मते ती सुमात्रातल्या टोबाच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची. प्रयोगशाळेतून आकडा आला की वाद मिटतो, अशी समजूत असणाऱ्याने बोरीची चर्चा वाचावी.

इरावतीबाईंविषयी लिहिताना लोक बहुधा दोन वेगळ्या बाई उभ्या करतात. एक मोजमापे घेणाऱ्या मानवशास्त्रज्ञ, ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) लिहिणाऱ्या; दुसऱ्या ‘परिपूर्ती’ आणि ‘युगान्त’च्या लेखिका. ही वाटणी चुकीची आहे. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण त्यातली द्रौपदी, गांधारी, कुंती ही माणसे ज्या नात्यांच्या जाळ्यात अडकली आहेत, ते जाळे बाईंनी आधी गावोगाव हिंडून, नातेवाचक शब्द गोळा करून समजून घेतले होते. कुठल्या कुळात मुलगी दिली जाते, दिराचा हक्क कुठवर, सासरी आलेल्या बाईला आधार कोणाचा, हे माहीत असलेल्या माणसाने वाचलेले ते महाभारत आहे. आणि कोयना धरणामुळे उठलेल्या गावांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांसह केली, तेव्हा तक्त्यांमागचा माणूस त्यांच्या नजरेआड झाला नाही. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या. बाईंसारखे काम करणारे दुसरे कोणी पुढे झाले नाही, आणि ही उणीव संस्थेने आपली मानली पाहिजे.

त्याच आवारात, १९४८ पासून, कत्रे यांनी हाती घेतलेला ऐतिहासिक तत्त्वांवरचा संस्कृत महाकोश चालू आहे. ऋग्वेदापासूनचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून, प्रत्येक शब्द संदर्भासह चिठ्ठीवर उतरवला गेला. चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात आहे. काव्य आणि व्याकरणाबरोबर आयुर्वेद, गणित, ज्योतिष, वास्तू, रसविद्या यांचेही ग्रंथ त्यात आहेत. १९७६ पासून खंड निघत आहेत आणि काम अजून ‘अ’च्या शब्दांत आहे. कोणी हसले तर हसो. पाया घाईने घातला नाही याचे मला समाधान आहे. शेजारी भाषाशास्त्र विभागात शंकरन यांनी ध्वनीच्या मोजणीसाठी प्रयोगशाळा उभारली, आणि १९६२ मध्ये आलेल्या अशोक केळकरांनी भाषाविज्ञानाची शिस्त मराठी समीक्षेत आणली. त्यांच्या ‘रुजुवात’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पोथी आणि हाड एका ठिकाणी येण्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अलीकडचे आहे. संस्था १९९० मध्ये अभिमत विद्यापीठ झाली, आणि त्यानंतर वीरेंद्रनाथ मिश्र यांच्या नेतृत्वाखाली राजस्थानात उदयपूरजवळ बालाथळला उत्खनन झाले. दगडी आवारात, जळलेल्या शेणाच्या राखेत पुरलेला एक पुरुष मिळाला, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या कवटीवर आणि हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा होत्या. २००९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा अथर्ववेदातल्या कुष्ठरोगाच्या समजल्या जाणाऱ्या उल्लेखाची चर्चा त्यातच केलेली होती. उल्लेख आहे म्हणून हाड रोगी ठरले नाही, हाड मिळाले म्हणून उल्लेखाचा काळ ठरला नाही. दोन्ही पुरावे आपापल्या वजनाने ठेवले गेले.

हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळाच्या बाबतीत हे भान सार्वजनिक चर्चेत राहिले नाही. वसंत शिंदे यांच्या गटाने तिथे काम केले. अनेक नमुने तपासल्यावर एकाच स्त्रीच्या अवशेषांतून पुरेसा डीएनए मिळाला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एका व्यक्तीच्या जनुकांवरून वेद कोणी रचले इथपर्यंत वर्तमानपत्रे आणि वाहिन्या दोन दिवसांत पोहोचल्या. भाषा जनुकात नसते, हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागतो. असे भाषाशास्त्रज्ञ आणि असे उत्खननकार एकाच आवारात असलेली संस्था देशात विरळा आहे, म्हणून अशा वेळी या संस्थेचा आवाज मोठा असायला हवा.

एक सूचना करून थांबतो. वाजसनेयी संहितेत धान्यांची एक यादी आहे: व्रीहि, यव, माष, तिल, मुद्ग, मसूर, गोधूम आणि आणखी काही. महाकोशाच्या कपाटांत या प्रत्येक नावाच्या चिठ्ठ्या शतकांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. पुरातत्त्व विभागाकडे याच धान्यांचे जळके दाणे आहेत, गाव आणि थर यांच्या नोंदीसह. दोन्ही विभागांनी मिळून धान्यांचा एक कोश करावा, एका पानावर शब्दाचा इतिहास आणि समोरच्या पानावर दाण्याचा. आरंभ ‘अतसी’पासून, म्हणजे जवसापासून करता येईल. शब्द ‘अ’मधला आहे, आणि जवसाचे दाणे नावडाटोलीत ओळखले गेलेले आहेत.